ऑनलाइन लिलावातून संग्राह्य कार्ड घेताना: फोटो वाचण्यापासून पाकीट उघडण्यापर्यंत

माझ्याकडे एक जुनं पोकेमॉन कार्ड आहे. समोरून पाहिलं तर निर्दोष. खिडकीशी नेऊन जरा तिरकं धरलं की चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली उतरत गेलेली केसाएवढी बारीक घडी चमकते, आणि सरळ केलं की पुन्हा नाहीशी होते. ऑनलाइन लिलावात ते घेतलं तेव्हा पाच फोटो होते. पाचही वरून, सपाट उजेडात, स्लीव्हमध्ये, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, ठेवूनच काढलेले. विक्रेत्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. स्थितीबद्दल एकच वाक्य होतं: "फोटो पाहून ठरवा." मी फोटो पाहिले, पण नीट वाचले नाहीत. ते कार्ड मी अजून विकलेलं नाही. नवीन लिलाव बघायला बसते तेव्हा ते टेबलावर समोर ठेवते.

लिलावाचा सगळा थरार शेवटच्या मिनिटात असतो, पण चांगली खरेदी त्याच्या आधीच्या दोन-तीन संध्याकाळी होते. कार्ड नेमकं कोणतं, ते कितीला जातं, समोरचा नग कसा आहे आणि विकणारा कोण आहे, या चार गोष्टींची शहानिशा झाली की बोली लावणं हे दोन मिनिटांचं काम उरतं. म्हणून इथेही बोलीचा भाग बराच उशिरा येईल.

आधी कार्डाचं पूर्ण नाव लिहून काढा

"मला चारिझार्ड (पोकेमॉनमधलं एक पात्र) हवा" एवढ्यावर लिलावात उतरू नका. कागदावर एक ओळ लिहा: सेट, कार्डाचा क्रमांक, आवृत्ती, भाषा, किमान स्थिती. एकाच चित्राची अनेक कार्डं असतात आणि त्यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

पोकेमॉनचा इंग्रजी बेस सेट १९९९ मध्ये आला. त्यात १०२ कार्डं, आणि चारिझार्डचा क्रमांक ४/१०२. पण याच क्रमांकाची तीन मुख्य रूपं आहेत. फर्स्ट एडिशनवर चित्राच्या खाली डावीकडे छोटा शिक्का असतो. शॅडोलेसवर शिक्का नसतो, आणि चित्राच्या चौकटीच्या उजव्या कडेला सावलीही नसते. अनलिमिटेडवर ती सावली असते. तळाची कॉपीराइटची बारीक ओळही वाचायला शिका. फर्स्ट एडिशन आणि शॅडोलेसवर तिथे ९५, ९६, ९८ च्या पुढे ९९ छापलेलं असतं, नेहमीच्या अनलिमिटेडवर ते ९९ नसतं. फोटोत सावली आहे की नाही याबद्दल शंका आली तर ही ओळ मोठी करून पाहा. शॅडोलेस कार्डावर मागाहून बनावट शिक्का मारण्याचे प्रकारही होतात, त्यामुळे शिक्का दिसला की हुरळून जाऊ नका. त्याच्या कडा स्वच्छ आहेत का, शाई पसरली आहे का, हे बघा.

त्यातच २०१६ च्या एव्होल्यूशन्स सेटमध्ये जुन्या रूपाची कार्डं पुन्हा आली. तिथे चारिझार्डचा क्रमांक ११/१०८ आहे. २०२१ च्या सेलिब्रेशन्स सेटमधल्या पुनर्मुद्रित कार्डावर २५ वर्षांचं चिन्ह आहे. दोन्ही अस्सल आहेत, दोन्ही सुंदर आहेत, पण १९९९ ची नाहीत. विक्रेता शीर्षकात "जुन्या शैलीचं" असे शब्द घालतो तेव्हा क्रमांक वाचायची जबाबदारी आपली.

मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात हा गुंता आणखी सुरस आहे. १९९३ च्या अल्फा आणि बीटा या दोन्ही छपायांना काळी किनार, पण अल्फाचे कोपरे जास्त गोल. त्यानंतरच्या अनलिमिटेडला पांढरी किनार. त्याच वर्षी कलेक्टर्स एडिशन नावाचा संच निघाला. पुढून अगदी बीटासारखा, पण कोपरे काटकोनी आणि मागच्या बाजूला सोनेरी किनार. त्याचे कोपरे गोल कापून, मागची बाजू झाकणाऱ्या स्लीव्हमध्ये घालून "बीटा" म्हणून विकायचे प्रयत्न झालेले आहेत. मागच्या बाजूचा फोटो नसेल तर मी प्रश्न विचारते, आणि उत्तरात फोटो आला नाही तर तो लिलाव माझ्यापुरता तिथेच संपतो.

यू-गी-ओ या आणखी एका खेळाच्या इंग्रजी कार्डांवर खाली उजव्या कोपऱ्यात चौकोनी होलोग्राम असतो. तो फर्स्ट एडिशनवर सोनेरी आणि अनलिमिटेडवर चंदेरी. वर फर्स्ट एडिशन लिहिलंय आणि खाली चंदेरी होलोग्राम आहे असं दिसलं तर लगेच थांबा.

भाव: मागितलेला सोडा, मिळालेला बघा

ईबेवर शोधताना "विकलेल्या वस्तू" हा फिल्टर लावा. चालू यादीतल्या किमती म्हणजे विकणाऱ्यांच्या इच्छा आहेत. विकलेल्या यादीतही एक खोच आहे. जिथे "बेस्ट ऑफर", म्हणजे खरेदीदाराने सुचवलेला कमी भाव, स्वीकारली गेली तिथे मूळ किंमत खोडलेली दिसते आणि प्रत्यक्ष व्यवहार त्याहून कमीला झालेला असतो. १३०पॉइंटसारख्या साइटवर तो खरा आकडा अनेकदा सापडतो.

त्याच आवृत्तीचे, त्याच भाषेतले, त्याच स्थितीतले अलीकडचे पाच-सात व्यवहार घ्या. सगळ्यात चढा आणि सगळ्यात उतरता बाजूला काढा. उरलेल्यांच्या मधला आकडा धरा आणि तारखाही लिहा, कारण नवा सेट आला, एखादा खेळाडू गाजला किंवा एखाद्या कार्डाची चर्चा झाली की भाव महिन्याभरात उड्या मारतात. असा उडालेला भाव खाली यायची वाट बघणं मला नेहमी परवडलं आहे.

स्थितीचे शब्द जपून वाचा. अमेरिकी बाजारात निअर मिंटच्या (जवळपास नव्यासारखं) लगेच खालची पायरी लाइटली प्लेड (थोडं वापरलेलं). युरोपातल्या कार्डमार्केट या साइटवर निअर मिंटनंतर एक्सलंट, मग गुड, आणि त्याच्याही खाली लाइट प्लेड. म्हणजे जवळपास एकच शब्द, पण युरोपी विक्रेत्याचं लाइट प्लेड अमेरिकी विक्रेत्याच्या लाइटली प्लेडपेक्षा बरंच वापरलेलं असू शकतं. दोन बाजारांतले भाव शेजारी ठेवताना मोजपट्टी एक आहे ना, ते आधी बघा.

आणखी एक. लिलावघरांच्या बातम्यांतले आकडे बहुधा खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे बोलीवर लिलावघर घेतं ते शुल्क, धरून असतात. टॉप्स कंपनीचं १९५२ चं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज लिलावघराकडे १.२६ कोटी डॉलरला गेलं, तो आकडा प्रीमियमसकटचा. तुम्ही तुलना करता ते आकडे प्रीमियमसह आहेत की त्याविना, हे न बघता बोली ठरवली तर हिशोब पहिल्याच ओळीत चुकतो.

फोटो वाचणं

इथे घाई करू नका. फोनवर तर हे काम करूच नका, मोठा पडदा हवा. फोटो उतरवून घ्या आणि कार्डाचे चार भाग पाडून एकेक मोठा करून पाहा. ग्रेडिंग करणारेही, म्हणजे कार्डाच्या स्थितीला आकडा देणाऱ्या कंपन्याही, याच चार गोष्टी बघतात: सेंटरिंग (चित्र किनारींच्या मधोमध आहे का), कोपरे, कडा, पृष्ठभाग.

सेंटरिंग डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. पडद्यावर पट्टी धरली तरी चालेल. डावी किनार ११ आणि उजवी ९ भरली तर प्रमाण ५५-४५. पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या सर्वोच्च १० ग्रेडसाठी पुढच्या बाजूची मर्यादा साधारण इथपर्यंतच आहे, मागच्या बाजूला बरीच सूट मिळते. फोटो तिरका काढला असेल तर जवळची किनार जाड दिसते. म्हणून आधी कार्डाच्या बाहेरच्या कडा समांतर आहेत का ते बघा, मगच पट्टी लावा.

कोपरे आणि कडा मागच्या बाजूने बघा. पोकेमॉनची मागची बाजू निळी, मॅजिकची गडद. तिथे थर उडून आतला पांढरा कागद दिसतो, त्याला संग्राहक व्हाइटनिंग म्हणतात. पुढून पिवळ्या किंवा पांढऱ्या किनारीवर हेच झिजलेपण लपून जातं. म्हणून मागचा फोटो पुढच्याइतकाच मोठा आणि स्पष्ट हवा. पांढऱ्या टेबलावर ठेवलेल्या कार्डाचे पांढरे पडलेले कोपरे टेबलात मिसळून जातात, तेव्हा गडद पार्श्वभूमीवरचा फोटो मागा.

पृष्ठभागावर खरी फसगत होते. घडी, दाबाचा खड्डा, होलोवरचे (कार्डाच्या चमकत्या भागावरचे) ओरखडे, छपाईच्या रेघा: यातलं बहुतेक काही सरळ उजेडात उमटत नाही. उजेड बाजूने यायला हवा. होलो कार्डावर दिव्याचं प्रतिबिंब पडलेला एकही फोटो नसेल, तर पृष्ठभाग आपल्याला दाखवलेलाच नाही असं धरा. स्कॅनवरही भरवसा ठेवू नका. स्कॅनर कोपरे छान दाखवतो, पण पृष्ठभागावरचं बरंच काही गिळतो. आणि स्लीव्हवरचे ओरखडे कार्डावरचे समजून एखादं चांगलं कार्ड सोडू नका. स्लीव्ह काढून फोटो मागितला की दोन्ही प्रश्न सुटतात.

विक्रेत्याला काय लिहायचं? मी थोडक्यात आणि नेमकं लिहिते: "कार्ड आवडलं. स्लीव्हबाहेर काढून, दिवा बाजूला ठेवून पुढचा आणि मागचा एकेक फोटो पाठवाल का? घडी, खड्डा किंवा ओरखडा आहे का, हेही कळवा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. उत्तर लिलावाच्या साइटवरच्या संदेशात आलेलं असलं की पुढे तक्रार करायची वेळ आल्यास ते लेखी पुराव्यासारखं उपयोगी पडतं. संवाद बाहेरच्या मेसेजिंगवर नेऊ नका, याचं पहिलं कारण हेच.

वर्णनातल्या काही शब्दांपाशी मी थबकते. "पॅकमधून थेट स्लीव्हमध्ये" हे स्थितीचं वर्णन नाही, कारखान्यातूनही कार्डं वाकड्या कापाने आणि छपाईच्या रेघांसकट बाहेर पडतात. "मला कार्डांतलं फारसं कळत नाही, आजोबांच्या पेटीत सापडलं" हे वाक्य खरंही असू शकतं, पण त्याच विक्रेत्याच्या यादीत आणखी तीस कार्डं असतील तर नाही. "प्रॉक्सी", "कस्टम", "रीप्रिंट", "आरपी" (रीप्रिंटचंच लघुरूप) हे मूळ कार्ड नसल्याचे शब्द वर्णनाच्या तळाशी, बारीक अक्षरांत सापडतात, म्हणून वर्णन शेवटपर्यंत वाचा. आणि ग्रेड न केलेल्या कार्डाच्या शीर्षकात "पीएसए १०?" असं प्रश्नचिन्ह असेल तर स्वतःला विचारा: दहा मिळायची एवढी शक्यता असती, तर याने स्वतःच ग्रेड करून का विकलं नाही? कधी उत्तर असतं, की त्याला तातडीने पैसे हवेत. बहुतेक वेळा उत्तर एखाद्या कोपऱ्यात सापडतं.

स्लॅबमधलं कार्ड

ग्रेडिंग कंपनी कार्ड तपासते, एक ते दहाचा आकडा देते आणि सीलबंद प्लास्टिकच्या पेटीत, म्हणजे स्लॅबमध्ये, घालून परत करते. पीएसए, बेकेट, एसजीसी आणि सीजीसी ही नावं सगळीकडे दिसतील. नवख्या माणसाने महागडं कार्ड घ्यायचं तर ग्रेड केलेलंच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. पण स्लॅब हाती आला म्हणून तपासणी संपत नाही.

लेबलावरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या साइटवर टाका. नोंद सापडली म्हणजे काम झालं असं नाही, कारण नकली स्लॅब बनवणारे अस्सल क्रमांकच उचलतात. नोंदीतलं कार्ड, आवृत्ती आणि ग्रेड जुळते का बघा, आणि कंपनीने काढलेला फोटो असेल तर तो लिलावाच्या फोटोशेजारी ठेवा. प्रत्येक नगाची काही खूण असते: सेंटरिंगचा कल, छपाईचा एखादा ठिपका, होलोमधल्या चांदण्यांची जागा. दोन खुणा जुळल्या तर नग तोच. त्याच नोंदीत त्या ग्रेडची किती कार्डं आजवर झाली याची संख्याही असते. ती पाहताना लक्षात ठेवा, की लोक स्लॅब फोडून कार्ड पुन्हा पाठवतात, त्यामुळे एकच कार्ड दोनदा मोजलं गेलेलं असू शकतं.

ग्रेड हे माणसांनी दिलेलं मत आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा दाखला या छंदाच्या मुळाशीच आहे. पीएसएने १९९१ मध्ये ग्रेड केलेलं पहिलं कार्ड बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, टी२०६ या जुन्या मालिकेतलं. त्याला ८ ग्रेड मिळाली. हे कार्ड आपण कडेने कापलं होतं, अशी कबुली लिलावघर चालवणाऱ्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये दिली. तेव्हापासून मी कोणत्याही जुन्या कार्डाच्या कडा बघताना लेबल हाताने झाकते. आधी कार्ड आवडलं पाहिजे, मग आकडा. एकाच ९ ग्रेडची दोन कार्डं शेजारी ठेवली तर एक डोळ्यांत भरतं आणि दुसरं नाही, हे संग्राहकांना ठाऊक असतं. भाव सारखाच असेल तर डोळ्यांत भरणारं घ्या.

सीलबंद खोक्यांच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. २०२१ च्या अखेरीस यूट्यूबर लोगन पॉलने पोकेमॉनच्या बेस सेटची सीलबंद खोकी म्हणून ३५ लाख डॉलर मोजले. जानेवारी २०२२ मध्ये उघडली तेव्हा आत जीआय जोची कार्डं निघाली. माल तज्ज्ञांनी प्रमाणित केलेला होता.

विकणारा आणि त्याच्याभोवतीचे बोलीदार

अभिप्रायांची टक्केवारी नुसती बघू नका, नकारात्मक आणि मध्यम अभिप्राय उघडून वाचा. टपाल उशिरा आलं ही तक्रार वेगळी, आणि "फोटोत न दिसलेली घडी" ही वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या दोन तक्रारी दिसल्या की मी पुढे जाते. विक्रेत्याने आधी काय विकलं तेही बघा. वर्षभर फोनची कव्हरं विकणाऱ्याकडे अचानक दुर्मिळ कार्डांची रांग लागली असेल तर खातं चोरीला गेलेलं असू शकतं.

मग बोलींचा इतिहास उघडा. विक्रेता स्वतः किंवा त्याचा माणूस भाव चढवण्यासाठी बोली लावतो, याला शिल बिडिंग म्हणतात. हा गुन्हा आहे, आणि वर सांगितलेल्या मास्ट्रोला अशाच प्रकरणात २०१५ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली. खुणा अशा: अभिप्राय नसलेलं नवं खातं छोट्या छोट्या पायऱ्यांनी बोली चढवत राहतं, कधीच जिंकत नाही, आणि त्याच्या बहुतेक बोली याच विक्रेत्याच्या वस्तूंवर असतात. तेच कार्ड "विकलं गेल्यावर" आठवड्याभरात पुन्हा यादीत दिसलं, तर शंका आणखी बळावते. एखादी खूण योगायोगाने जुळू शकते. तिन्ही जुळल्या तर दुसरा नग शोधा.

आकडा कागदावर

आता कमाल बोली. हा आकडा मी लिलावाच्या आदल्या दिवशी ठरवते, कारण त्या दिवशी माझी कुणाशी चढाओढ नसते.

उलटा हिशोब करा. समजा सगळं धरून कार्डासाठी १,००० पेक्षा जास्त जाऊ द्यायचे नाहीत; चलन कोणतंही धरा. लिलावघर २० टक्के प्रीमियम घेतं, टपाल आणि विमा ५०, आणि या सगळ्या बेरजेवर कर १० टक्के. आधी १,००० ला १.१ ने भागा: ९०९. त्यातून ५० वजा: ८५९. त्याला १.२ ने भागा: ७१६. म्हणजे हजाराच्या कार्डावर तुमची बोली ७१६ च्या पुढे जाता कामा नये. बोलीच्या चौकटीत ९०० टाकले असते तर हातात कार्ड येईपर्यंत १,२४३ झाले असते. परदेशातून मागवताना आयात शुल्काचा नियम तुमच्या देशाचा लागतो, तो आधी वाचून ठेवा. जपानच्या याहू ऑक्शन्सवरून मध्यस्थ कंपनीमार्फत घेत असाल तर तिचं शुल्क, देशांतर्गत टपाल आणि पुढचं टपाल अशा तीन वेगळ्या ओळी हिशोबात येतात.

या आकड्यातून थोडं आणखी कापावं, असं मला वाटतं. लिलावात जिंकतो तो, ज्याने वस्तूची किंमत सगळ्यात जास्त लावली. सगळ्यांचा अंदाज थोडाफार चुकत असतो, त्यामुळे जिंकणाऱ्याचा अंदाज बहुधा वरच्या बाजूला चुकलेला असतो. तेलक्षेत्रांच्या लिलावांचा अभ्यास करणाऱ्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये याचं वर्णन "विजेत्याचा शाप" या अर्थाने केलं. ग्रेड न केलेल्या कार्डाला हे नेमकं लागू पडतं: दहा जणांनी फोटोत थोडी झीज पाहिली, एकाला ती दिसली नाही, तो जिंकला. म्हणून स्थितीबद्दल जितकी शंका, तितकी कात्री मोठी.

बोली

ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही कमाल आकडा देता, आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. जिंकलात तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरी जास्त एवढंच द्यावं लागतं. ही रचना अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ मध्ये अभ्यासलेल्या लिलावाच्या जवळ जाते: किंमत दुसऱ्याच्या बोलीवरून ठरते, म्हणून आपला खरा आकडा एकदाच सांगणं फायद्याचं. आकडा लपवून तुकड्या-तुकड्याने चढवत नेण्यात काही हाशील नाही.

मग तो शेवटच्या क्षणी का सांगायचा? कारण समोरचे सगळे असे शहाणपणाने वागत नाहीत. तुमची बोली दोन दिवस आधी दिसली की कुणीतरी ईर्ष्येने दहा-दहाने चढवत राहतं. आल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये याचाच अभ्यास मांडला. ठरल्या वेळी संपणाऱ्या ईबेवर शेवटच्या मिनिटांतल्या बोलींचं प्रमाण मोठं होतं. अ‍ॅमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत उशिरा बोली आली की वेळ वाढायची, तिथे ते बरंच कमी होतं.

म्हणून लिलाव कसा संपतो हे आधी वाचा. वेळ ठरलेली असेल तर: पाच मिनिटं आधी लॉगिन करा, पत्ता आणि पैसे भरण्याची सोय तपासा, कमाल आकडा टाकून ठेवा, आणि सात-आठ सेकंद उरले की पक्कं करा. आकडा गोल ठेवू नका. ७०० वर अनेकजण थांबतात, ७०३ त्यांच्या पुढे जातो. दोघांची कमाल सारखीच निघाली तर आधी बोली लावणारा जिंकतो. वेळ वाढवत नेणारा लिलाव असेल, जसा मोठ्या लिलावघरांत असतो, तर शेवटच्या सेकंदाला थांबण्याचा उपयोग नाही. काही ठिकाणी मूळ वेळेआधी त्या लॉटवर (लिलावातल्या त्या वस्तूवर) बोली लावलेली नसेल तर वाढीव वेळेत भागच घेता येत नाही. तिथे आधी एक छोटी बोली लावून दार उघडं ठेवा, मग कमाल आकडा द्या आणि झोपा.

एकच कार्ड हवंय आणि तीन नग लिलावात आहेत? संपण्याच्या वेळेप्रमाणे रांग लावा आणि एका वेळी एकावरच बोली लावा. तिन्हींवर लावली आणि तिन्ही जिंकलात तर तिन्हींचे पैसे द्यावे लागतात. बोली बंधनकारक असते, आकडा टंकताना चूक झाली अशा मोजक्या कारणांसाठीच ती मागे घेता येते.

हरलात, आणि "जिंकणारा मागे हटला, तुम्हाला त्याच भावात देतो" असा ईमेल आला, तर साइटवर लॉगिन करून तिथल्या संदेशांत तोच प्रस्ताव आहे का ते बघा. नसेल तर तो ईमेल पुसून टाका.

पैसे आणि पाठवणी

पैसे साइटच्याच व्यवस्थेतून द्या. "मित्र-नातेवाईक" प्रकारच्या हस्तांतरणाला खरेदीचं संरक्षण नसतं, मग सवलत कितीही असो. पाकिटावर "भेटवस्तू" लिहून किंवा किंमत कमी दाखवून पाठवायला सांगू नका. ते बेकायदा आहे, शिवाय पाकीट हरवलं तर भरपाई त्या कमी किमतीचीच मिळते.

बांधणीबद्दल नम्रपणे एक ओळ पाठवा: कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लास्टिकच्या खोळीत), तोंडाला सहज निघणारी चिकटपट्टी, दोन जाड पुठ्ठ्यांच्या मध्ये, आणि ट्रॅकिंगसह. स्लीव्हशिवाय थेट टॉपलोडरमध्ये सरकवलेल्या कार्डाच्या कडा आत जातानाच घासतात.

पाकीट आल्यावर

घाईने फाडू नका. फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा, पत्त्याचं लेबल दाखवा, पाकीट चहूबाजूंनी फिरवा आणि मध्ये न थांबवता उघडा. कार्ड बाहेर येईपर्यंत ते कॅमेऱ्याच्या चौकटीतच राहू द्या.

मग लिलावाचे जतन केलेले फोटो पडद्यावर उघडा (यादी काही काळाने साइटवरून जाते, म्हणून जिंकल्याच्या दिवशीच ते उतरवून घ्या) आणि नग तोच आहे का तपासा. ग्रेड न केलेल्या कार्डाला तीस-साठ पट मोठं दाखवणारं भिंग लावा. ऑफसेट छपाईत चित्राचे रंग ठिपक्यांच्या फुलांसारख्या मांडणीने बनतात, आणि काळी अक्षरं सलग, भरीव असतात. अक्षरंच ठिपक्यांनी बनलेली दिसली तर ती चित्रावरून केलेली नक्कल समजा. मॅजिकच्या मागच्या बाजूला पाच रंगांचे गोळे आहेत. त्यातल्या हिरव्यात, भिंगाखाली, लाल ठिपके एल आकारात मांडलेले दिसतात. नकलांमध्ये ही मांडणी बहुधा बिघडते. आकारही मोजा: पोकेमॉन आणि मॅजिकचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटर, यू-गी-ओचं ५९ बाय ८६. शेजारी त्याच सेटचं एखादं स्वस्त, खात्रीचं कार्ड ठेवलं की रंग, जाडी आणि कोपऱ्याची गोलाई लगेच तुलना करता येते. असं एक कार्ड मुद्दाम घेऊन ठेवा.

शेवटी खिडकीशी जा आणि कार्ड हळूहळू तिरकं करा, आधी आडवं मग उभं, पुढून आणि मागून. काही निघालं तर त्याच दिवशी, त्याच उजेडात फोटो काढा आणि साइटवरून तक्रार नोंदवा. ईबेवर वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तूसाठी ३० दिवसांची मुदत असते, इतर ठिकाणी ती कमी असू शकते. विक्रेत्याला लिहिताना रागाचे शब्द नकोत. त्याचं वाक्य, तुमचा फोटो, आणि परत पाठवून पूर्ण पैसे हवेत की भरपाई घेऊन कार्ड ठेवायचंय, एवढंच लिहा.

काही निघालं नाही तर कार्ड नव्या स्लीव्हमध्ये घाला आणि वहीत ओळ भरा: तारीख, कार्डाचं पूर्ण नाव, बोलीचा आकडा, सगळं धरून पडलेली किंमत, प्रमाणपत्र क्रमांक असेल तर तो, आणि फोटोत न दिसलेलं पण हातात आल्यावर दिसलेलं जे काही असेल ते. हा शेवटचा रकाना मी अलीकडे सगळ्यात मोठा ठेवला आहे.